तेरा पौंड, दोन आणे : केटरिंगच्या चॅपलपर्यंत चार दिवस

गुरुवार

"मामा, लोक इथे येऊन स्टोनहेंज बघतात, बाथ बघतात. आणि तुला केटरिंग बघायचंय? तिथे आम्हीसुद्धा कधी गेलो नाही!"

भाचीचं म्हणणं रास्त होतं. ती राहते मिल्टन कीन्सला, म्हणजे तिथून तासाभराच्या अंतरावर. पण केटरिंगला मुद्दाम जावं असं तिला सहा वर्षांत वाटलं नव्हतं. मी पिशवीतून झेरॉक्स काढून तिच्यापुढे धरली. एका जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचं पान. इंग्रजी अर्थ तिला वाचता आले, मराठी शब्द आले नाहीत, कारण ते मोडीत होते. हाताने लिहिलेल्या नव्हे, खिळे जुळवून छापलेल्या मोडीत. सन 1810, छपाई बंगालमधल्या श्रीरामपूरची, कोशकर्ता विल्यम केरी. हा केरी मूळचा इथला, मोची, आणि त्याला हिंदुस्थानात धाडायचा निर्णय झाला तो केटरिंगमध्ये.

माझी उभी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोडी वाचायला शिकलो ती इनामाच्या कागदांपायी, आवडीपायी नव्हे. निवृत्त झालो आणि कागद सुटले, मोडी सुटली नाही. कागदावरची जागा प्रत्यक्ष जाऊन बघायची, ही खोडही सुटली नाही.

पहिला दिवस केरीच्या गावांना दिला. त्याचं जन्मगाव पॉलर्सपुरी. कानाला पंढरपुरीच्या जवळचं वाटतं, आणि त्यातल्या त्याच्या वाडीचं नाव तर पुरी एंड. भाचीने गाडीत भेळपुरीवरचे सगळे विनोद करून घेतले. इथे 1761 साली एका विणकराच्या घरी हा जन्मला. घर आता उरलेलं नाही. पाच मिनिटांत गाडी पुढे काढली.

पिडिंग्टनला मात्र थांबलो. चौदाव्या वर्षी केरी या गावात जोडे शिवायला शिकायला राहिला. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता, डिसेंटर घरातला. डिसेंटर म्हणजे सरकारी चर्च न मानणारे, नॉनकन्फॉर्मिस्ट. देव तोच, पंगत वेगळी. आरीदाभण चालवता चालवता दोघांचे वाद चालत आणि त्यात केरी हळूहळू त्या पंगतीत जाऊन बसला.

1781 च्या जूनमध्ये त्याचं लग्न डोरोथी प्लॅकेटशी झालं, ते याच गावच्या पॅरिश चर्चमध्ये. डिसेंटरांच्या सभागृहात लागलेलं लग्न तेव्हा कायद्याने धरतच नव्हते. ज्यू आणि क्वेकर सोडले तर 1753 च्या कायद्याने सगळ्यांना सरकारी चर्चचीच पायरी चढावी लागे, आणि ही अट सुटायला 1836 उजाडलं. लग्नाच्या नोंदवहीत डोरोथीने सहीच्या जागी फुली मारली आहे. आपल्याकडच्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असते, तशी ही निशाणी फुली. अशा निशाण्या मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. त्या पाहिल्या की मला सही करणाऱ्यांपेक्षा निशाणी करणाऱ्यांचंच कुतूहल वाटतं.

डोरोथीला हिंदुस्थानात जायचं नव्हतं. गर्भार होती, तीन मुलं पदरात, समुद्र कधी पाहिलेला नाही. तिने नाही म्हणून सांगितलं. पण पहिल्या जहाजावरून केरीलाच उतरवलं, कारण कंपनी सरकारचा परवाना नव्हता. तो परत आला, तिची पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली. 13 जून 1793 ला डॅनिश जहाज निघालं तेव्हा कडेवरचं मूल महिन्याभराचं होतं. नोव्हेंबरात कलकत्ता. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला, आणि त्यानंतर डोरोथीचं डोकं जे फिरलं ते ठिकाणावर आलंच नाही. 1807 मध्ये ती वारली. तिच्या नवऱ्याचं मराठी व्याकरण तिच्या हयातीतच छापून झालं होतं. पलीकडच्या खोलीत तिचा आरडाओरडा चालू असताना तो भाषांतरं करीत बसे, असं त्याचे चरित्रकार लिहितात आणि त्यात त्याची चिकाटी दिसते म्हणतात. भाचीला हे सांगितलं तर ती गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाली, "तिला कुणी विचारलं का, काय दिसतं ते?"

संध्याकाळी मोल्टन. इथे केरी 1785 मध्ये आला. दिवसा शाळा, रात्री जोडे, रविवारी छोट्या बॅप्टिस्ट चॅपलमध्ये प्रवचन. बॅप्टिस्ट म्हणजे डिसेंटरांतलाच एक पंथ, चॅपल म्हणजे त्यांचं सभागृह. 1787 मध्ये रीतसर पाळक झाला, पण मंडळी एवढी गरीब की पाळकाला आरी सोडता येईना. त्याचं घर चॅपलला लागूनच आहे. चामडं भिजवायची म्हणून एक दगडी कुंडी दाखवतात. इथेच भिंतीवर त्याने कागदाचे ताव चिकटवून हाताने जगाचा नकाशा काढला होता. प्रत्येक देशाच्या जागी तिथली वस्ती, धर्म, मिळाली ती माहिती लिहिलेली. मोजणी खात्यातल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. समुद्र न पाहिलेल्या माणसाने घरबसल्या केलेली साऱ्या जगाची मोजणी!

त्याचे जोडे जायचे ते केटरिंगच्या थॉमस गॉच या व्यापाऱ्याकडे. हा गॉच बॅप्टिस्ट, तिथल्या चॅपलचा डीकन म्हणजे कारभारी, आणि केटरिंगच्या जोडेधंद्याचा मूळपुरुष. गोष्ट अशी सांगतात की त्याने एकदा केरीला विचारलं, आठवड्याला किती सुटतात? नऊ-दहा शिलिंग. तर मग माझं चामडं आणखी खराब करू नकोस, लॅटिन-ग्रीक-हिब्रू कर, दहा शिलिंग मीच देत जाईन. शिकणाऱ्याला घरी वारावर जेवू घालण्यातला हा प्रकार. फरक एवढाच की इथे सातही वार एकाच घरचे.

शुक्रवार

आज केटरिंग. जावई कामाला त्याच बाजूला जाणार होते, त्यांनी नऊ वाजता बाजारचौकाशी सोडलं.

शुक्रवार मुद्दाम धरला होता. या गावाला बाजार भरवण्याची सनद मिळाली 1227 मध्ये, तिसऱ्या हेन्री राजाकडून, पीटरबरोच्या मठाधिपतीच्या नावाने. वार शुक्रवार. बाजारचौक आणि त्याला चिकटून उंच सुळक्याचं पॅरिश चर्च, म्हणजे ज्यांच्या नावची सनद त्यांच्याच दारात बाजार. आता चार-सहा पालं होती. एकाकडे भाजी, एकाकडे मोबाइलची कव्हरं, एकाकडे चीज. आठवडी बाजाराचा गलका नाही, मोलभाव तर नाहीच. मी सफरचंदं घेतली आणि सवयीने "बरोबर लावा" असं म्हणणार होतो.

या बाजाराची एक गोष्ट मला फार आवडते. इथे 1697 मध्ये जॉन गिल नावाचा मुलगा जन्मला. बाप बॅप्टिस्ट. मुलगा हुशार, इथल्या ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन झपाट्याने शिकत होता. तोच मास्तरांनी फर्मान काढलं की मुलांनी रोज चर्चच्या प्रार्थनेला आलंच पाहिजे. डिसेंटर आईबापांनी मुलाला शाळेतून काढलं. शाळा अकराव्या वर्षी संपली. गावात पुस्तकांचं दुकान होतं, पण ते उघडायचं फक्त बाजाराच्या दिवशी. गिल बाजाराच्या दिवशी तिथे जो जाऊन बसे तो संध्याकाळपर्यंत. त्यावरून गावात बोलायची पद्धतच पडली : अमुक गोष्ट खरी का? गिल पुस्तकाच्या दुकानात असतो तितकी खरी! पुढे हा लंडनला बॅप्टिस्टांचा मोठा पंडित झाला, सगळ्या बायबलवर भाष्य लिहून बसला.

शाळेचा हा किस्सा काही एकट्या मास्तराच्या हट्टाचा नव्हता, त्यामागे सगळं राज्य होतं. 1662 मध्ये कायदा आला की प्रत्येक पाळकाने ठरवून दिलेली प्रार्थनापोथी जशीच्या तशी मान्य करावी, नाहीतर जागा सोडावी. सुमारे दोन हजार पाळकांनी जागा सोडल्या किंवा त्यांच्याकडून त्या काढून घेतल्या गेल्या. केटरिंगच्या चर्चचे रेक्टर जॉन मेडवेल त्यांतलेच. मग 1664 चा कायदा : घरच्या माणसांखेरीज पाचाहून जास्त जण अशा उपासनेला जमले तर गुन्हा. 1665 चा कायदा : काढलेल्या पाळकाने आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांत फिरकू नये. हा पाच मैलांचा कायदा वाचून मी मनातल्या मनात चौकाभोवती वर्तुळ आखलं. त्या वर्तुळात त्या माणसाचं सगळं आयुष्य बसत होतं. 1689 मध्ये सभागृहं बांधायची मोकळीक मिळाली. पण ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी, सरकारी हुद्दा, गावच्या स्मशानात आपल्या पद्धतीचा अंत्यविधी, यांवरची एकेक बंदी सुटत सुटत 1880 उजाडलं.

मेडवेल यांच्यामागे जी मंडळी गेली, तिचं सभागृह गोल्ड स्ट्रीटवर 1723 पासून उभं आहे. त्याला टोलर चर्च म्हणतात. टोलर बापलेकांनी मिळून 1775 ते 1875 अशी शंभर वर्षं इथे पाळकपण केलं. चौकोनी, साधी इमारत. शिखर नाही, घंटा नाही. दुकानांच्या रांगेत पटकन दिसतही नाही. अंग चोरून उभं राहायची जुनी सवय इमारतीलाही लागते की काय, असं वाटलं.

याच मंडळीतून काही जण 1696 मध्ये वेगळे झाले. पुढारी विल्यम वॉलिस. लहान बाळांचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडी मारूनच तो घ्यायचा. म्हणजे फुटीरांतली फूट. मूळ सभेला म्हणत ग्रेट मीटिंग, हिला लिटल मीटिंग. तिचंच आजचं रूप म्हणजे त्याच गोल्ड स्ट्रीटवरचं फुलर बॅप्टिस्ट चर्च, माझ्या प्रवासाचं ठिकाण.

आजची इमारत 1860 च्या सुमारची, ऐसपैस. टोलरवाल्यांचा संकोच हिच्यात नाही. तोवर जोड्यांच्या धंद्याने गाव वाढलं होतं आणि डिसेंटरांच्या हातात पैसा खेळत होता. मी पोचलो तेव्हा दार बंद होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, रविवारी सकाळी या, नक्की उघडं असतं. मी पाटी वाचून घेतली आणि दरवाजापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. सवय.

नाव ज्याचं, तो अँड्र्यू फुलर. केंब्रिजच्या दलदलीच्या मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1754, उंचापुरा, कुस्तीची आवड असलेला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. 1782 मध्ये केटरिंगला आला तो मरेपर्यंत, 1815 पर्यंत, इथेच राहिला. बॅप्टिस्टांत तेव्हा गिलच्या वळणाचं मत घट्ट रुजलं होतं : कोण तरणार, कोण नाही, हे देवाने आधीच ठरवलंय, तेव्हा सरसकट सगळ्यांना हाका मारायचं कारण नाही. फुलरने 1785 मध्ये पुस्तक लिहून उलट बाजू मांडली. हाक सगळ्यांना मारायची, ऐकणं न ऐकणं ज्याचं त्याचं. मला या वादात गती नाही. पण दप्तरात एका कागदाचा धागा दुसऱ्याला जोडत जायची सवय असल्यामुळे दिसतं ते असं : हा वाद फुलरच्या बाजूने वळला नसता तर केरीला कुणी पाठवलं नसतं, आणि माझ्या पिशवीतली झेरॉक्स कोरी राहिली असती. म्हणजे त्या काळी, त्या ठिकाणी. छापील मराठी आज ना उद्या आलीच असती.

दुपारी लोअर स्ट्रीट. इथे मार्था वॉलिस या विधवा बाईंचं घर. नवरा बीबी वॉलिस चॅपलचा डीकन, 1792 मध्ये गेला. येणाऱ्याजाणाऱ्या पाळकांची ऊठबस या घरी एवढी असे की लोक त्याला गॉस्पेल इन म्हणत. 2 ऑक्टोबर 1792 ला, मंगळवारी, आसपासच्या पाळकांची बैठक होती. रात्री चौदा जण या घराच्या मागच्या खोलीत बसले. खोली बारा फूट बाय दहा म्हणतात. एकशेवीस चौरस फुटांत चौदा माणसं, म्हणजे माणशी साडेआठ फूट.

केरी तेव्हा एकतीस वर्षांचा, लेस्टरला पाळक. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पुस्तिका निघाली होती, परदेशी धर्मप्रसाराला निघावं असं सांगणारी. तिच्यात देशोदेशींची लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म यांची कोष्टकंच्या कोष्टकं आहेत. मोल्टनच्या भिंतीवरची मोजणी छापून आली म्हणायची. पण याआधीही बैठका झाल्या होत्या आणि पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणून सगळे उठले होते. आपल्याकडे 'विचाराधीन' म्हणतात तसं. या वेळी केरीने उठू दिलं नाही. मंडळ स्थापायचं ठरलं आणि वर्गणीचे आकडे कागदावर लिहिले गेले. ते गोळा केले फुलरच्या तपकिरीच्या डबीत. डबीच्या झाकणावर संत पौलाच्या मनपालटाचं चित्र होतं.

बेरीज आली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. जुन्या हिशेबात वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग. म्हणजे अडीच शिलिंग हा पौंडाचा आठवा हिस्सा. रुपयाचा आठवा हिस्सा दोन आणे. तर एकूण तेरा पौंड दोन आणे. आणि हेही रोख नव्हेत, नुसते शब्द, वर्गणी देऊ म्हणून! केरीकडे तेवढंही नव्हतं, त्याने पुस्तिकेच्या विक्रीतून येईल ते देऊ केलं.

ते घर अजून उभं आहे. बाहेर पाटी आहे. मी समोरच्या पदपथावर उभं राहून सफरचंद खाल्लं. वाहनं जात होती. मागची खोली रस्त्यावरून दिसत नाही, ती मागेच असते.

फुलर मंडळाचा चिटणीस झाला. त्याच्यावरून सांगितली जाणारी गोष्ट आपल्याकडच्या विहिरीवर काम केलेल्या कुणालाही कळेल. हिंदुस्थान म्हणजे पाताळापर्यंत खोल सोन्याची खाण आहे, उतरणार कोण? केरी म्हणाला, मी उतरतो, पण वर दोर तुम्ही धरून राहा. फुलरने तेवीस वर्षं दोर धरला. चॅपल सांभाळून गावोगाव वर्गणीसाठी फिरला, पाच वेळा स्कॉटलंडला गेला. 11 मार्च 1812 ला श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, कागद, खिळे, हस्तलिखितं गेली, तेव्हा बातमी इकडे पोचल्यावर दोन महिन्यांच्या आत दहा हजार पौंड उभे राहिले. तेरा पौंडांची मजल वीस वर्षांत इथवर आली होती.

मी तरी या माणसांना आपल्यावर उपकार करणारे म्हणत नाही. केरी आला तो आपला धर्म देण्यासाठी. भाषा हे त्याचं साधन होतं, आणि आपल्याला मिळालं ते ओघाने मिळालं. पण ओघाने मिळालेल्या वस्तूही खऱ्याच असतात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो कंपनीच्या गोऱ्या पोरांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी. 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, शेवटी रोजच्या बोलण्यातले संवाद जोडलेलं. मोडीचे खिळे तयार नव्हते म्हणून ते देवनागरीत छापलं. 1810 चा कोश येईतो मोडी खिळे पाडून झाले होते. 1811 मध्ये नवा करार. मुंबईत अमेरिकन मिशनरी आले तेव्हा त्यांना ही मराठी इकडच्या लोकांच्या तोंडची वाटली नाही. वाटणार कशी? केरीने मराठी मुलखात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्याची मराठी आली होती वैजनाथ शर्मा या नागपूरकडच्या पंडिताकडून. याच वैजनाथांची 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये, 'हितोपदेश' 1815 मध्ये श्रीरामपूरला छापून झाली. 'दर्पण' निघायच्या अठरा वर्षं आधी, मोल्सवर्थचा कोश यायच्या सतरा वर्षं आधी.

गोल्ड स्ट्रीटच्या एका बाकावर बसून मी हे सगळं वहीत उतरवलं. जावई साडेपाचला आले. त्यांनी विचारलं, "काय मिळालं?" म्हटलं, "दार बंद होतं."

शनिवार

लेस्टर. यात सांगण्यासारखं थोडंच. हार्वी लेनवरचं केरीचं घर 1960 च्या दशकात पाडलं गेलं. चार्ल्स स्ट्रीटवरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय केलं आहे. बेलग्रेव्ह रोडला गेलो तर भाचीचा चेहरा खुलला. गुजराती दुकानं, फरसाण, सोन्याच्या पेढ्या. उंधियू खाल्लं, बेसनाचे लाडू बांधून घेतले. ते लाडू उद्या कामाला येतील हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवार

सकाळी पुन्हा केटरिंग. भाची या वेळी गाडीतून उतरून आत आली, "एवढं काय आहे ते बघूच दे."

दार उघडं होतं. दारातल्या आजींनी हात हातात घेऊन स्वागत केलं आणि कुठून आलात विचारलं. "इंडिया" म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. इथे इंडिया हे दूरच्या नातलगाचं नाव असल्यासारखं घेतात.

उपासना तासाभराची झाली. गाणी पडद्यावर येत होती, गिटार होती. माणसं बरीचशी पांढऱ्या केसांची, थोडी तरुण कुटुंबं, काही आफ्रिकी चेहरे. मूर्ती नाही, चित्रं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. सगळ्या बैठकींची तोंडं प्रवचनाच्या जागेकडे. केरीला बाप्तिस्मा मिळाला तो मात्र चॅपलात नव्हे, नॉर्थॅम्प्टनला नेने नदीत, 5 ऑक्टोबर 1783 ला. ऑक्टोबरातलं इथलं पाणी! भाचीने नुसत्या कल्पनेने स्वेटरची बटणं लावली.

नंतर चहा. बिस्किटांच्या ताटात भाचीने आपले लाडू ठेवून दिले आणि दहा मिनिटांत आमच्याभोवती घोळका जमला. एका गृहस्थांनी लाडू हातात धरूनच विल्यम निबची गोष्ट सांगितली. तोही इथलाच, 1803 चा, टोलर चॅपलच्या रविवारच्या शाळेत शिकलेला. बॅप्टिस्ट मिशनतर्फे जमैकाला गेला आणि तिथली गुलामी पाहून मळेवाल्यांच्या विरोधात उभा राहिला, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. 31 जुलै 1838 च्या मध्यरात्री फाल्मथच्या चॅपलमध्ये घड्याळाचे ठोके पडले तेव्हा गुलामी संपल्याचं त्याने पुकारलं. केटरिंगच्या जुन्या नगरमुद्रेवर तुटलेली साखळी घेतलेला काळा माणूस आहे तो त्याची आठवण म्हणून. जमैकातही एक केटरिंग आहे म्हणाले.

मग मी माझी झेरॉक्स काढली.

दारातल्या आजींनी चष्मा चढवला. पान हातात घेतलं, फिरवलं, परत फिरवलं. "सुलट कुठून धरायचं?" त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडेही बहुतेक जण असंच विचारतात. त्यांना सांगितलं की तुमच्या केरींनी हे छापलं, ही आमच्या भाषेची धावती लिपी, कचेऱ्यांतली, शाळांतून ती 1950 च्या आसपास गेली. केरी आणि बंगाली त्यांना ठाऊक होतं. मराठीचं नाव त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं : माराटी, माराठी, मराठी.

"आणि त्यांना ही शिकवली कोणी?" त्यांनी विचारलं.

मी वैजनाथांचं नाव सांगितलं. त्यांनी घोळक्यातल्या दुसऱ्या बाईंना हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. मग भेटवही आणली आणि म्हणाल्या, "या लिपीत लिहा ना काही."

वहीला तीन रकाने होते : नाव, कुठून आलात, अभिप्राय. हातात बॉलपेन. मोडी बोरूने लिहायची, पण बोरू कुठला आणू? मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात, आणि अक्षरं मग तिला खालून टांगतात. माझी रेघ तिन्ही रकाने तोडून आरपार गेली. आजींच्या तोंडून "ओह!" निघालं. बिचाऱ्यांना वाटलं मी चूक खोडतोय.

पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. खाली दुसरी रेघ ओढली.

"हे कोण?" भाचीने वाकून विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन नावं आहेत एवढं कळलं होतं.

"वैजनाथ," मी म्हटलं, आणि मधल्या रकान्यात नागपूर लिहिलं. अभिप्रायाच्या रकान्यात नुसती रेघ राहिली. शाई वाळायला वही थोडा वेळ उघडीच ठेवली, तोवर आजी उरलेले दोन लाडू कागदी रुमालात बांधून पर्समध्ये टाकत होत्या.